पाखरं कोण राखायचं?

मावळात भात पिकतो, आपल्या निमोण्याकडे बाजरी आणि शाळू. पण दाण्यात चीक भरला की पाखरांना सगळी रानं सारखीच. चिमण्या, होले, पोपट बारमाही इथलेच. थंडीत भोरड्यांचे थवे पार मध्य आशियातून येतात. थवा उतरला की बघता बघता कणसं रिकामी होतात.

बाजरीला कुसळाचं वाण पेरून थोडा बचाव व्हायचा. शाळूला मात्र माणूसच लागायचा. चार मेढी रोवून माळा बांधायचा आणि तांबडं फुटायच्या आत गोफण घेऊन वर चढायचं. वाखाची नाहीतर सुताची वेणी, मधे खड्यासाठी रुंद पट्टी. एक टोक बोटात अडकवायचं, दुसरं मुठीत धरून गरगर फिरवायचं आणि सोडायचं. सुटलेलं टोक चाबकासारखं वाजतं. पाखरू खड्याइतकंच त्या आवाजालाही भितं.

तुकोबांची गोष्ट आपण कीर्तनात ऐकलेली आहे. धान्याच्या बोलीवर ते शेत राखायला बसले, पाखरांना हाकललंच नाही, आणि मालक भांडत आला. गोष्टीतल्या राखणदाराला निदान मजुरी ठरलेली होती! आपल्या घरांत माळ्यावर बसायच्या त्या म्हाताऱ्या आणि पोरी. सकाळ-संध्याकाळ पाखरांचा जोर, आणि सकाळीच शाळेची घंटा. ऐन हंगामात पाटी घरी राहायची, पुढे कित्येकींची ती कायमचीच सुटली. जुनी माणसं म्हणतात, राखणीला खर्च नव्हता. खर्च होता, तो कुणी वहीत मांडला नाही.

१९६४ साली ज्वारीचं पहिलं हायब्रीड वाण आलं. लवकर येणारं वाण ज्याच्या रानात, पाखरं आधी त्याच्याच रानात. मग चिंचणीच्या घोड धरणाचं पाणी जिथं जिथं पोचलं, तिथं ऊस उभा राहिला. पूर्वी शिवारभर शाळू असायचा, पाखरांचं खाणं सगळ्यांत वाटून जायचं. आता उसाच्या मधे एकरभर शाळू असला की सगळा थवा त्याच्यावरच. म्हणून बायका म्हणतात, भाकरीची ज्वारी विकतच आणू.

पाखरं मारून हा प्रश्न सुटत नाही. चीनने १९५८ साली चिमण्या मारायची मोहीम काढली, पिकांवर किडी वाढल्या आणि १९६० साली चिमण्यांचं नाव यादीतून काढावं लागलं. भोरड्याही टोळ खातात. विष ठेवणं तर नकोच, ते कोंबड्यांनाही भोवतं. चमकणारी फीत बांधली तर ती वाऱ्यावर वाजते, पण चार दिवसांत पाखरं तिला सरावतात.

आम्ही गटात ठरवलंय ते असं. सात-आठ जणींनी लागून असलेल्या रानांत, एकाच आठवड्यात शाळू पेरायचा, म्हणजे निसवेलही एकदमच. राखणीच्या पाळ्या मोठ्या बायकांच्या. शाळेतली पोर माळ्यावर दिसली तर तिच्या घरची पाळी आम्ही दुसरीला देणार. आणि ज्वारीचा भाव काढताना बियाणं, मशागत, काढणी यांच्या खाली राखणीचा रोज लिहायचा. ती ओळ वहीत पहिल्यांदाच आली आहे.