लसीची वाट वढूवरून

दौंडहून दक्षिणेस निघाले, की थोड्याच वेळात कुरकुंभची धुराडी दिसू लागतात. औषधांची मूळ रसायने तयार करणारे कारखाने तेथे आहेत. त्यामुळे ‘औषध कोठे होते?’ असे कोणी विचारले, तर आमच्या बाजूचा माणूस कुरकुंभकडे बोट दाखवील. ते उत्तर खोटे नाही, अपुरे आहे. त्याचा उरलेला भाग भीमेपलीकडे, शिरूर तालुक्यात सापडतो. आणि तेथे धुराडे नाही.

विद्वानांच्या प्रयोगशाळेतून औषध बाजारात येण्याची एक सरळ वाट आहे, ती आधी सांगतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सदाफुलीच्या झाडापासून व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन ही कर्करोगावरील औषधे काढण्याची कृती बसविली आणि १९८० च्या दशकात ती सिप्ला कंपनीच्या हाती दिली. अंगणातल्या सदाफुलीला हा मान मिळावा, याचे मला अजूनही कौतुक वाटते. पण त्या औषधांचा गुण परदेशातील रुग्णांवर आधीच सिद्ध झाला होता. येथे प्रश्न होता तो ती कशी काढावी आणि कितीला पडावी, एवढाच. नव्या लसीचे तसे नसते. ती निरोगी मूल मागते.

हा पेच जुना आहे. १८९७ च्या १० जानेवारीस मुंबईत हाफकिनने आपली प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. पण एका माणसावरून काही ठरत नाही. टोचलेले आणि न टोचलेले असे दोन्ही शेजारी शेजारी हवेत, म्हणून पुढचा प्रयोग झाला भायखळ्याच्या तुरुंगात. कैदी आपखुशीने पुढे आले, असे नमूद आहे. गजाआडच्या माणसाची खुशी किती मोकळी, हे ज्याचे त्याने ठरवावे. असो.

वढू बुद्रुक हे गाव महाराष्ट्राला संभाजी महाराजांच्या समाधीमुळे ठाऊक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात येथे ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. गावातल्याच बायांना शिकवून आरोग्यसेविका करावे, ही त्यांची मुख्य कल्पना. बाळंतपण, कुटुंबनियोजन, जुलाब, ताप यांसाठी घरोघरी जाणारी बाई परकी नसावी, हे त्यांनी ओळखले होते. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००२ पासून या परिसरातील बावीस गावांत घरटी नोंद ठेवण्याचे काम सुरू झाले: जन्म, मृत्यू, कोण परगावी गेले, कोण नव्याने राहावयास आले. वरवर पाहता हे तलाठ्याच्या दप्तराइतके रुक्ष काम. पण पुढे जे घडले त्याचा पाया हाच.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९८५-८६ च्या सुमारास डॉ. महाराज किशन भान यांना नवजात अर्भकांत रोटा विषाणूचा एक वाण आढळला. मुलांना त्याची लागण झाली होती, पण जुलाब नव्हते! त्याला नाव पडले ११६ई. रोटाच्या जुलाबांनी या देशात वर्षाला सुमारे ७८,००० मुले दगावतात, असा अंदाज पुढे प्रसिद्ध झाला. तेव्हा या निरुपद्रवी वाणाचे मोल ध्यानात यावे. हैदराबादची भारत बायोटेक ही १९९६ साली स्थापन झालेली नवी कंपनी लस करावयास पुढे आली. सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि परदेशी संस्था पाठीशी राहिल्या, आणि एका डोसाला एक डॉलर एवढीच किंमत कंपनीने जाहीर केली.

शेवटची मोठी चाचणी २०११ मध्ये सुरू झाली. दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याकडील ग्रामीण भाग ही तिची तीन ठिकाणे. आपल्याकडचे केंद्र वढू. एकूण ६,७९९ तान्ही मुले. त्यांतील दोन तृतीयांश मुलांना लस, उरलेल्यांना लसीवाचूनचे नुसते थेंब. कोणाला काय मिळाले, हे आईला माहीत नाही, थेंब पाजणाऱ्यालाही नाही. सहा आठवड्यांचे मूल मांडीवर घेऊन ‘हो’ म्हणणाऱ्या आईने कशाला रुकार दिला, याचा मी पुष्कळदा विचार करतो. भायखळ्याच्या कैद्याहून ती नक्कीच मोकळी होती. तिला नाही म्हणता येत होते. पण तिचा विश्वास त्या छापील कागदावर किती आणि दाराशी येणाऱ्या ओळखीच्या बाईवर किती, हे कोणत्याही तक्त्यात नाही.

एक आक्षेप तेव्हाच घेतला गेला. परदेशी बनावटीच्या रोटा लशी खासगी दवाखान्यांत विकत मिळत असता एक तृतीयांश मुलांना नुसते थेंब का? उत्तर असे, की त्या महागड्या लशी या मुलांच्या वाट्याला एरवीही येणार नव्हत्या, आणि चाचणीत आजारी पडलेल्या मुलाला उपचार मिळत होते. हे खरे आहे. तरी ते उत्तर गरिबीच्या आधाराने उभे आहे, हे मला विसरता येत नाही.

निकाल आला तो असा: पहिल्या वर्षात रोटाच्या तीव्र जुलाबांपासून ५६.४ टक्के बचाव. वाचणाऱ्या मुलांची संख्या मोजली तर हा आकडा लहान नाही.

दरवेळी असे यश येते असेही नव्हे. टोचण्याऐवजी श्वासावाटे द्यावयाची गोवरची लस केईएमच्याच डॉक्टरांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांत २,००४ मुलांवर तपासली. सुईची भीती नाही, टोचणारा कसबी माणूस नको; कल्पना मोठी देखणी होती. पण सुईने ९४.७ टक्के मुलांत प्रतिकारशक्ती आली, तर श्वासावाटे ८५.४ टक्के मुलांत. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झाले. ज्या आयांनी त्या चाचणीत मुले आणली, त्यांच्या वाट्याला कोणतीच बाटली आली नाही. मात्र कमी गुणाची लस लाखो मुलांना देण्याचे टळले. माझ्या मते त्यांचा हिशेब रोटाच्या आयांच्याच खात्यात मांडला पाहिजे.

रोटाची लस सरकारी लसीकरणात प्रथम आली ती २०१६ च्या मार्चमध्ये, हरियाणा, हिमाचल, आंध्र आणि ओडिशा या चार राज्यांत. महाराष्ट्रात ती २०१९ मध्ये पोहोचली. तोवर वढूकडची ती मुले दुसरी-तिसरीच्या वर्गात बसू लागली होती, आणि लस घ्यावयास आली ती त्यांच्या घरची धाकटी भावंडे.