मावशीची वही आणि हॅरिंग्टनचं रक्त

आंबीला मावशीकडे गेलो की चहाच्या आधी वही येते. शंभर पानी, साधी, शाळेच्या पोरांची असते तशी. डावीकडे तारीख, मध्ये प्लेटलेट्सचा आकडा, आणि उजवीकडे मावशीच्या बारीक अक्षरात त्या आठवड्यात काय झालं ते. आकडे हजारांत. ५४, २३, ७१, १८, ३९. उजवीकडे: "लग्नाला गेले." "वांगं खाल्लं." "लावणीला दोन दिवस चिखलात." "उपास मोडला." "दही."

मावशीला नऊ वर्षांपासून आयटीपी आहे. शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच प्लेटलेट्सना शत्रू समजते आणि मारते, असा हा आजार. निरोगी माणसाच्या रक्तात मायक्रोलिटरमागे दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात. मावशीच्या वहीत एक लाख फक्त एकदाच दिसतो, तोही स्टिरॉइडच्या पहिल्या महिन्यात.

गेल्या जुलैत गेलो तेव्हा आकडा १८ आला होता. बाहेर धो धो पाऊस, इंद्रायणी काठोकाठ, आणि मावशी ओट्याशी बसून विचारते, "पंधरा दिवसांपूर्वी पन्नास होतं रे. मी असं काय खाल्लं?"

मग माझ्या लक्षात आलं की उजवीकडचा रकाना ही नुसती नोंद नाही, तो आरोपपत्र आहे. वांगं बंद, दही बंद, लग्नाला जाणं बंद, लावणी तर केव्हाच बंद. दर वेळी आकडा पडला की मावशी स्वतःला एक नवीन गुन्हा लावते. मी दिवसभर लॉग वाचून पोट भरतो, त्यामुळे "हा आकडा का हलतो?" हा प्रश्न सोडून देणं मला जमेना. पुढचे चार-पाच शनिवार त्यात गेले. जे सापडलं ते इतकं रंजक निघालं की लिहायला बसलोय. (मी डॉक्टर नाही. हे आपलं इतिहासाचं वेड.)

अंगावर जांभळे डाग उठतात हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत होतं. १७३५ साली हॅनोवरच्या वेर्लहोफ नावाच्या डॉक्टरने अशा एका मुलीचं नीट वर्णन करून ठेवलं. पण प्लेटलेट म्हणून काही असतं हेच तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. इटलीतल्या तुरिनच्या बिझोझेरोने १८८२च्या सुमारास हे कण ओळखले आणि रक्त थांबवायचं काम ते करतात हे दाखवलं. १९०६ साली बोस्टनच्या जेम्स होमर राइटने ते येतात कुठून ते सांगितलं: हाडांच्या मज्जेत मेगाकॅरिओसाइट नावाच्या अवाढव्य पेशी असतात, त्यांचे तुकडे पडतात, ते तुकडे म्हणजे प्लेटलेट्स.

आता खरा वाद. आकडा कमी आहे, म्हणजे माल कमी बनतोय की बनलेला माल वाटेत मारला जातोय? १९१५ मध्ये जर्मनीच्या फ्रँकने सांगितलं, कारखाना बिघडलाय. पुढच्याच वर्षी प्रागमध्ये पॉल काझ्नेल्सन नावाचा वैद्यकीचा एक विद्यार्थी म्हणाला, नाही, प्लीहा खातेय. विद्यार्थीच तो! पण त्याने आपल्या प्राध्यापकांना पटवलं, श्लोफर नावाच्या सर्जनने एका बाईची प्लीहा काढली, आणि तिच्या प्लेटलेट्स काही दिवसांत भराभर वाढल्या. पुढे कित्येक दशकं प्लीहा काढणं हाच मुख्य उपाय राहिला. वाद मात्र मिटला नाही. काही जणांचा आकडा प्लीहा काढूनही वाढत नसे, आणि प्लीहा तरी का खाते, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

मग १९५० साल. अमेरिकेत सेंट लुइसचं बार्न्स हॉस्पिटल. विल्यम हॅरिंग्टन आणि जेम्स हॉलिंग्जवर्थ हे दोघे तरुण डॉक्टर तिथे रक्तविकार शिकत होते. हॅरिंग्टनच्या डोक्यात एक गोष्ट घोळत होती. आयटीपी असलेल्या आईचं बाळ कधी कधी कमी प्लेटलेट्स घेऊन जन्माला येतं, आणि काही आठवड्यांत आपोआप बरं होतं. म्हणजे आईच्या रक्तातलं काहीतरी बाळात उतरतं आणि मग संपून जातं. असं असेल, तर ते "काहीतरी" निरोगी माणसात घातलं तर त्याच्याही प्लेटलेट्स पडायला हव्यात.

निरोगी माणूस आणायचा कुठून? दोघांनी ठरवलं, ज्याचा रक्तगट रुग्णाशी जुळेल त्याने सुई टोचून घ्यायची. हॅरिंग्टनचा जुळला. आयटीपीच्या एका बाईचं सुमारे अर्धा लिटर रक्त त्याने स्वतःच्या शिरेत घेतलं.

तीन तासांत त्याच्या प्लेटलेट्स धोक्याच्या पातळीखाली गेल्या. त्याला झटका आला. अंगावर लाल-जांभळे ठिपके उठले. अशा अवस्थेत मेंदूत रक्तस्राव झाला असता तर आज हा परिच्छेद वेगळा लिहावा लागला असता. चार दिवस आकडा तळाशी होता, पाचव्या दिवशी वर आला. त्याच्या छातीच्या हाडातून मज्जा काढून पाहिली तर मेगाकॅरिओसाइट जशाच्या तशा. कारखाना शाबूत, माल बाहेर मारला जात होता. मग विभागातले बाकीचे सहकारीही पुढे आले आणि त्यांनीही अशी सुई घेतली. (आजची कुठलीही एथिक्स कमिटी याला परवानगी देणार नाही, आणि ते बरंच आहे. पण हॅरिंग्टनबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही.) १९५१ मध्ये निबंध छापून आला.

त्यात एक बारीक गोष्ट आहे आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. सगळ्याच रुग्णांच्या रक्ताने प्लेटलेट्स पडल्या नाहीत. काहींच्या रक्ताने धाडकन, काहींच्या काहीच नाही. म्हणजे एका नावाखाली एकाहून जास्त भानगडी होत्या. १९६५ साली शुलमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की मारेकरी म्हणजे आयजीजी जातीच्या अँटिबॉडी, आणि ज्याची प्लीहा काढलेली आहे त्याच्यात त्यांचा परिणाम कमी होतो. तो प्रागचा पोरगा बरोबर होता. पण फ्रँकही अगदी चूक नव्हता! पुढे प्लेटलेट्सना किरणोत्सारी खूण लावून त्यांचं आयुष्य मोजता आलं, तेव्हा कळलं की बऱ्याच रुग्णांत कारखाना मागणीच्या मानाने फारसा वेग घेतच नाही. त्याच अँटिबॉडी मेगाकॅरिओसाइटलाही त्रास देतात. शिवाय १९९४ मध्ये थ्रोम्बोपोएटिन सापडलं, म्हणजे "माल बनवा" सांगणारं संप्रेरक, आणि एक विचित्र गोष्ट दिसली. हे संप्रेरक प्लेटलेट्सना चिकटतं आणि त्यांच्याबरोबरच नष्ट होतं. आयटीपीत प्लेटलेट्स भराभर मरतात आणि जाताना निरोपही घेऊन जातात. टंचाई आहे ही बातमी कारखान्यापर्यंत धड पोचतच नाही.

इथे मला आमच्या धंद्यातला एक नियम आठवला. १९६१ साली जॉन लिटलने सिद्ध केलेला. कँटीनच्या रांगेत सरासरी किती माणसं असतील? दर मिनिटाला जितकी येतात, गुणिले प्रत्येक जण जितका वेळ रांगेत थांबतो. बस. सर्व्हरवरच्या रिक्वेस्टना लागू, प्लेटलेट्सनाही लागू.

निरोगी शरीर रोज सुमारे दहा हजार कोटी प्लेटलेट्स बनवतं आणि प्रत्येक आठ-दहा दिवस जगते. सोपा हिशोब करू. आकडा अडीच लाख, आयुष्य दहा दिवस, म्हणजे मायक्रोलिटरमागे रोज पंचवीस हजार नव्या. आता कारखाना तोच ठेवा आणि आयुष्य एका दिवसावर आणा. आकडा पंचवीस हजार. आयुष्य दीड दिवस झालं तर साडेसदतीस हजार. अर्धा दिवस झालं तर साडेबारा. बारावरून सदतीसवर, तिप्पट! आणि शरीरात बदललं काय, तर प्लेटलेटचं आयुष्य चोवीस तासांनी. माझ्या शरीरात तेच चोवीस तास इकडचे तिकडे झाले तर अडीच लाखाचे सव्वादोन होतील आणि मला कळणारही नाही.

म्हणजे मावशीचा आकडा हा बँकेतली शिल्लक नाही. माझ्याकडे दहा दिवसांचा साठा आहे, तिच्याकडे एका दिवसाचा. हातावर पोट असलेल्या माणसाच्या घरात एक दिवस काम नसलं तरी जाणवतं, तसं आहे हे. साध्या सर्दी-तापाने संरक्षण यंत्रणा थोडी खवळली, औषधाची मात्रा थोडी कमी झाली, की त्याच दिवशी आकड्यात दिसतं.

त्यात मोजणीची गंमत वेगळीच. जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए असतं. काही लोकांच्या प्लेटलेट्स त्यात एकमेकींना चिकटतात आणि मशिनला कमी दिसतात. आयटीपीत काही प्लेटलेट्स आकाराने मोठ्या असतात, आणि आकारावरून मोजणारं मशिन त्यांना सोडून देतं. आकडा वीस हजारांच्या आसपास असला की मशिनची खात्रीही कमी होते. मावशीच्या वहीत एका दिवशी दोन लॅबचे दोन आकडे आहेत, २२ आणि ३१. तिने दोन्हींसमोर लिहिलंय: "सकाळी शेंगदाणे."

शेजारपाजारच्यांचं तर विचारूच नका. पावसाळ्यात डेंग्यू आला की पपईच्या पानांचा रस घरोघर फिरतो, तो मावशीकडेही येतो. डेंग्यूत पडलेल्या प्लेटलेट्स साधारण आठवडाभरात आपल्या आपण चढतात, त्यामुळे त्या आठवड्यात जे प्याल त्याला श्रेय! मावशीचंही तसंच. आकडा १८ झाला की ती काहीतरी सोडते. तळाला गेलेला आकडा पुढच्या वेळी बहुतेकदा वर येतोच. झालं, वांगं दोषी ठरलं.

मी वही घरी आणून सगळं एक्सेलमध्ये भरलं. मोठ्या घसरणी सहा. त्यातल्या चारांच्या आधीच्या पंधरवड्यात "ताप" किंवा "खोकला" असा शब्द होता, कोपऱ्यात, जणू महत्त्वाचा नाही असा. वांगी आणि आकडा यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. लग्नांचाही नव्हता.

पण गेल्या वर्षभराचा आलेख जरा जास्तच उड्या मारत होता, आणि त्याचा तापाशी मेळ बसेना. गेल्या वर्षी मावशीला एल्ट्रोम्बोपॅगच्या गोळ्या सुरू झाल्या. थ्रोम्बोपोएटिनचं काम करणारी ही औषधं अमेरिकेत २००८ मध्ये मंजूर झाली, १९९४च्या शोधाची नातवंडंच ती. मी फोन करून विचारलं, "मावशी, गोळी कधी घेतेस?"

"रात्री झोपताना. नाचणीसत्वाबरोबर, दुधात. ताकद येते ना."

रोज?

"आठवण राहिली तर. नाहीतर नुसत्या पाण्याबरोबर."

ही गोळी कॅल्शियमला चिकटते आणि मग पोटातून रक्तात नीट जातच नाही. दूध किंवा तसंच काही खाण्याआधी दोन तास किंवा नंतर चार तास, असं अंतर ठेवायचं असतं. दूध आणि नाचणी, दोन्ही कॅल्शियमने भरलेली. नऊ वर्षं मावशीने एकेक पदार्थ सोडला, आणि अंगात रक्त यावं म्हणून जी एक गोष्ट नव्याने धरली ती नेमकी गोळीच्या आड येत होती. ती वहीत कुठेच नव्हती, कारण तो तिच्या मते गुन्हा नव्हता.

पुढच्या तपासणीला मी बरोबर गेलो. डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलून दिली, सत्व दुपारी घ्यायला सांगितलं. आणि असंही सांगितलं की रक्तस्राव नसेल आणि आकडा तीसच्या वर असेल तर त्यांना फारशी चिंता नसते. हिरड्यांतून रक्त, नवे डाग, जोराची डोकेदुखी, यांच्याकडे आकड्यापेक्षा आधी बघायचं. मावशीने विचारलं, "म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं?" डॉक्टर म्हणाले, "वांग्याचं तर नाहीच."

त्यानंतरचे आकडे: ४४, ६१, ३३, ५२. अजूनही हलतात, हलणारच. ३३च्या आठवड्यात घशाचा संसर्ग होता. वहीत उजवीकडे आता दोन रकाने आहेत, मीच आखून दिलेत: "ताप" आणि "गोळी किती वाजता". परवा आंबीला गेलो तर चहाच्या आधी वही आलीच. पण स्वयंपाकघरातून भरताचा वास येत होता, आणि मावशी पुढच्या महिन्यातल्या एका लग्नाची पत्रिका शोधत होती.