जीर्णोद्धार : ग्रंथालयाच्या वास्तूचा

ग्रंथालयाचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे संस्थापकांची नावे, पहिल्या वर्षीची ग्रंथसंख्या, देणगीदार, अध्यक्ष आणि व्याख्यानमालेतील वक्ते यांचा आलेख प्रथम काढला जातो. ज्या छपराखाली हे सारे घडले त्या वास्तूचा उल्लेख मात्र कोनशिलेपासून सुरू होतो आणि उद्घाटनाच्या समारंभापाशी संपतो. जणू त्यानंतर इमारतीला इतिहासच उरत नाही! वस्तुतः तिचा खरा इतिहास तेथूनच सुरू होतो. पावसाळे येतात, कौले सरकतात, भिंतींना ओल धरते, कार्यकारी मंडळे बदलतात आणि प्रत्येक मंडळ आपल्या परीने काही दुरुस्ती करून जाते. या दुरुस्त्यांचा इतिहास कोणी लिहून ठेवीत नाही. आपल्या ग्रंथालयाच्या शताब्दीच्या निमित्ताने या दुर्लक्षित विषयाचा विचार करावा, असे वाटते.

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे प्रामुख्याने देवालयांच्या संदर्भात रूढ आहे. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांचे नाव घेताच काशीपासून सोमनाथापर्यंतची देवळे, घाट आणि बारवा डोळ्यांपुढे येतात. नवे देऊळ बांधण्याहून जुन्याचा उद्धार करण्याचे पुण्य अधिक, अशी श्रद्धाही जुनी आहे. ग्रंथालयाला आपण भाषणांतून ज्ञानमंदिर म्हणतो. परंतु त्याच्या वास्तूच्या बाबतीत आपल्या तोंडी ‘दुरुस्ती’ किंवा अलीकडच्या काळात ‘पुनर्विकास’ हेच शब्द येतात. शब्दांतील हा फरक वरवरचा नाही. दुरुस्तीत मोडलेले सांधण्याचा विचार असतो. जीर्णोद्धारात मूळ काय होते आणि ते तसे का होते, हे आधी समजून घ्यावे लागते. त्याचे एक बोलके उदाहरण मुंबईत आहे.

कारागिरांची संस्था, व्यापाऱ्याचे नाव

मुंबईच्या काळा घोडा परिसरातील डेव्हिड ससून ग्रंथालयाची पिवळसर दगडी वास्तू अनेक वाचकांनी पाहिली असेल. तिच्यावर एका धनाढ्य व्यापाऱ्याचे नाव असले, तरी संस्थेचा आरंभ धनिकांकडून झालेला नाही. सरकारी टांकसाळ आणि गोदी येथे काम करणाऱ्या यांत्रिकांनी १८४७ साली यंत्रांच्या प्रतिकृती, वास्तूंचे आराखडे आणि ग्रंथ यांचा संग्रह सुरू केला. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये कामगारांच्या शिक्षणासाठी ‘मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट’ नावाच्या संस्था निघत होत्या, त्याच धर्तीवरची ही खटपट होती.

डेव्हिड ससून हे मूळचे बगदादचे ज्यू व्यापारी. मुंबईत येऊन त्यांनी मोठी पेढी उभारली. पुण्यातील ससून रुग्णालय आणि लाल देऊळ या नावाने परिचित असलेले ज्यूंचे प्रार्थनास्थळ यांमुळे हे घराणे मराठी माणसाला अपरिचित नाही. १८६४ साली पुण्यातच त्यांचे निधन झाले. लाल देवळाच्या आवारात त्यांची समाधी आहे. ग्रंथालयाच्या इमारतीसाठी ससून यांनी ६०,००० रुपये दिले. उर्वरित भार मुंबई सरकारने उचलला. जे. कॅम्पबेल व जी. ई. गॉस्लिंग यांनी आराखडा केला आणि सुमारे सव्वा लाख रुपये खर्चून १८७० साली वास्तू पूर्ण झाली. मालाडच्या खाणीतील दगड, टोकदार कमानी, रस्त्याकडे तोंड असलेली सज्जाची बैठक, मागील बाजूस बाग आणि जिन्यापाशी थॉमस वूलनर या शिल्पकाराने घडविलेला ससून यांचा पुतळा, असे हे रूप आहे. वरच्या सज्जात लांब हातांच्या आरामखुर्च्यांवर पहुडून वाचणारे सभासद हे तर या ग्रंथालयाचे ओळखचिन्हच होऊन बसले.

छपराची कथा

या इमारतीचे मूळ छप्पर उतरते होते. १९६०च्या दशकात ते जाऊन त्या जागी काँक्रीटचा सपाट स्लॅब आला. यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे समजण्याचे कारण नाही. त्या काळी काँक्रीट हे प्रगतीचे लक्षण होते. लाकडाला वाळवी, कौलांना गळती, आणि स्लॅब मात्र कायमचा, अशी समजूत गावोगावच्या संस्थांत होती. आपल्यापैकी अनेकांच्या घरांवरील कौले याच समजुतीने उतरली.

परंतु स्लॅब कायमचा नसतो. काँक्रीटच्या पोटातील लोखंडी सळ्यांपर्यंत ओल आणि समुद्रावरची खारी हवा पोचली, की त्या गंजतात. गंजलेले लोखंड फुगते, फुगल्यावर काँक्रीटला तडे जातात, तड्यांतून अधिक पाणी शिरते आणि पोपडे गळू लागतात. शिवाय सपाट छतावर पाणी साचते. मुंबईच्या पावसात पाण्याला क्षणभरही थांबू न देता वाहून नेणे हेच उतरत्या छपराचे काम होते.

संवर्धन-वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या मार्गदर्शनाखाली २०२२ साली या वास्तूचे काम सुरू झाले आणि २०२३ साली ती वाचकांसाठी पुन्हा खुली झाली. जेएसडब्ल्यू फाउंडेशनसह अनेकांनी आर्थिक भार उचलला. या कामाचा गाभा कोणता, असे विचारल्यास उत्तर एकच : १९६०च्या दशकातील स्लॅब काढून मूळ वळणाचे उतरते छप्पर पुन्हा उभारणे. म्हणजे एकविसाव्या शतकातील जीर्णोद्धाराचा मोठा भाग एकोणिसाव्या शतकातील बांधकामाच्या दोषांवर नव्हे, तर विसाव्या शतकातील दुरुस्तीवर खर्ची पडला! दीडशे वर्षांच्या वास्तूला तिच्या वयाने जेवढे थकविले नव्हते, तेवढे मधल्या काळातील एका ‘सुधारणे’ने थकविले होते. हे उदाहरण केवळ मुंबईचे नाही. जुन्या वास्तू पुष्कळदा वार्धक्याने नव्हे, तर अजाण उपचाराने खचतात.

चुना, दगड आणि पाणी

असा अजाण उपचार भिंतींवरही होतो. आपल्याकडील जुन्या दगडी आणि विटांच्या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. चुना भिजवून, त्यात वाळू किंवा विटांची पूड म्हणजे सुरखी घालून, बैलाच्या घाणीत तो मळून घेत. कोठे गुळाचे पाणी, कोठे हिरडा त्यात पडे. अशा चुन्याची भिंत पावसाळ्यात थोडी ओल घेते आणि उन्हाळ्यात ती सोडून देते. गवंडी लोक ‘भिंतीला श्वास हवा’ म्हणतात, त्याचा अर्थ हाच.

अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविला किंवा दगडावर तैलरंग फासला, की आत शिरलेल्या पाण्याची वाट बंद होते. ते भिंतीतच राहते, विरघळलेले क्षार पृष्ठभागापाशी आणून सोडते आणि भिंतीला लोणा लागतो. मग दगडाचे पापुद्रे सुटतात. आपण पुन्हा सिमेंट लावतो, आणि व्याधी आणखी आत ढकलतो. म्हणून जाणकार वास्तुविशारद प्रथम नवे काही लावीत नाहीत; आधीचे चुकीचे थर काळजीपूर्वक काढतात, पन्हळी मोकळ्या करतात आणि पाणी कोठून येते हे पाहतात. ओलीचे मूळ छपरात, पन्हळीत किंवा पायापाशी साचणाऱ्या पाण्यात असते. भिंतीवर केवळ तिची खूण दिसते.

ग्रंथालयाच्या बाबतीत या गोष्टीला दुप्पट महत्त्व आहे. ओल भिंतीत थांबत नाही, ती कपाटाच्या मागच्या फळीतून ग्रंथांत शिरते. बुरशी, कसर आणि वाळवी तिच्या मागोमाग येतात. ग्रंथजतनाचा खर्च आणि छपराचा खर्च आपण हिशेबाच्या दोन निराळ्या खात्यांत दाखवितो; वास्तविक ते एकच खाते आहे.

मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाची वास्तूही अशीच लक्षात घेण्याजोगी आहे. सर गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुविशारदाने हिंदुस्थानात पाऊलही न ठेवता तिचा आराखडा केला. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून ती आणि आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ त्यांनी दिलेला राजाबाई मनोरा १८७८ साली पूर्ण झाले. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या साहाय्याने झालेले तेथील संवर्धन २०१५ साली पूर्ण झाले आणि २०१८ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा-संवर्धन पुरस्कारांत त्याची दखल घेतली गेली. तेथील रंगीत काचांची तावदाने केवळ शोभेची नाहीत. प्रखर ऊन सौम्य करून ती वाचकाच्या पानावर पाडतात. त्या जागी साधी काच बसविली असती तर खर्च वाचला असता, परंतु वाचनगृहाचा प्रकाश गेला असता.

बडोद्याचा काचेचा मजला

वास्तूचा भाग हा शोभेचा नसून ग्रंथालयाच्या कामाचाच असतो, याचे प्रत्यंतर पाहण्यासाठी आपणा बडोदेकरांना मुंबईस जाण्याचे कारण नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली राज्यभर सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. शिकलेल्या प्रजेला वाचावयास काही हवे, हा त्यापुढचा विचार. १९१० साली त्यांनी विल्यम अॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले आणि आपल्या राजवाड्यातील सुमारे वीस हजार ग्रंथ लोकांच्या स्वाधीन केले. त्यातून मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालये आणि पेट्यांतून हिंडणारी फिरती ग्रंथालये यांची ती प्रसिद्ध साखळी उभी राहिली.

मध्यवर्ती ग्रंथालय १९३१ साली सध्याच्या इमारतीत आले. तिच्या ग्रंथसंग्रहाच्या दालनात अमेरिकेच्या स्नीड कंपनीची पोलादी मांडणी आहे आणि मजल्यांची जमीन जाड काचेच्या लाद्यांची आहे. नवागत ती पाहून चकित होतात. परंतु त्यामागील योजना अगदी व्यवहारी आहे. काचेतून प्रकाश खालच्या मजल्यावर उतरतो, त्यामुळे ज्वालाग्राही दिव्यांची गरज कमी होते. आणि अशा पद्धतीत पोलादी खांब ग्रंथांचा भार जसा वाहतात, तसाच वरच्या मजल्याचाही वाहतात. कपाट आणि इमारत येथे निराळी नाहीत. ‘ही जुनी मांडणी काढून मोकळी जागा करू’ असे कोणी म्हणाले, तर तो अजाणता मजलाच काढावयास निघाला, असे होईल.

ग्रंथांचा भार ही गोष्ट लहान संस्थांनीही मनावर घेतली पाहिजे. राहत्या घराच्या खोलीसाठी दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार गृहीत धरतात. ग्रंथांची कपाटे दाटीने मांडलेल्या दालनासाठी भारतीय मानकांप्रमाणे तो सुमारे ६०० किलो, म्हणजे तिप्पट धरावा लागतो. लाकडी तुळयांच्या माडीवर वर्षानुवर्षे एकेक कपाट वाढवीत गेल्यास तुळई वाकते, आणि दोष मात्र ‘जुन्या बांधकामा’ला दिला जातो.

आपल्यापुढील काम

प्रत्येक ग्रंथालयाने जुन्याच वास्तूत राहावे, असा हट्ट नाही. १८३२ साली स्थापन झालेले गोव्याचे मध्यवर्ती ग्रंथालय २०१२ साली पणजीत पाटो येथील प्रशस्त नव्या इमारतीत गेले. सोळाव्या शतकातील कवी कृष्णदास शामा यांचे नाव त्याला आहे. तेथे वाचकांची सोय वाढली. आणि ज्या वास्तूतून ते बाहेर पडले तीही पाडली गेली नाही. स्थलांतर विचारपूर्वक होऊ शकते, हे यावरून दिसते. आक्षेप आहे तो ‘जुने झाले, पाडा’ या एका वाक्यात शतकाचा निकाल लावण्याला.

शंभर वर्षांच्या कोणत्याही ग्रंथालयापुढे हा प्रश्न आज ना उद्या येतोच. आपल्यापुढेही तो येईल. निधी किती आणि देणगीदार कोण, ही चर्चा त्या वेळी होईलच. त्याआधी करता येण्याजोगी, फारसा खर्च नसलेली काही कामे आहेत. वास्तूची मोजमापे घेऊन नकाशे करून ठेवावेत. सभासदांच्या घरी असलेल्या समारंभांच्या जुन्या छायाचित्रांच्या प्रती मिळवाव्यात. पाहुण्यांच्या मागे सहज टिपले गेलेले छप्पर, खिडकी, कठडा हाच पुढे जीर्णोद्धार करणाऱ्याचा आधार ठरतो. प्रत्येक वर्षी मृगापूर्वी पन्हळी साफ व्हाव्यात आणि पावसाळ्यानंतर ओलीच्या जागा नोंदल्या जाव्यात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वास्तूची एक स्वतंत्र वही असावी. कोणत्या वर्षी काय काढले, काय बसविले, कशाने आणि का, हे तीत लिहिलेले असावे. इतिवृत्तांत ‘दुरुस्तीचा खर्च मंजूर’ एवढ्या तीन शब्दांत ही माहिती हरवून जाते.

लिहिलेले जतन करणे हाच ज्या संस्थेचा धर्म, तिने स्वतःच्या घराविषयी मात्र काही लिहून ठेवू नये, ही विसंगती आहे. ती दूर करण्यास शताब्दीसारखा दुसरा मुहूर्त नाही. संस्थापकांनी आपल्या हाती ग्रंथ दिले आणि ते ठेवावयास छप्परही दिले. ग्रंथांची दाखलनोंद आपण शंभर वर्षे निष्ठेने ठेवीत आलो आहोत. छपराची नोंद ठेवण्यास यंदापासून आरंभ व्हावा, आणि पुढील पिढीला ही वास्तू तिच्या कुंडलीसह सोपविता यावी, हीच या मंगल प्रसंगी सदिच्छा.