जुन्या ग्राफिक्स कार्डासाठी कोणता ड्रायव्हर?

संगणक आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यात दुभाष्याचे काम करणारी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर. नव्या कार्डासाठी सर्वांत नवी आवृत्ती घ्यावी, हे योग्यच. जुन्या कार्डाला मात्र हा नियम लागू पडत नाही. कारण ठरावीक काळानंतर कंपनी जुनी कार्डे नव्या आवृत्तीतून वगळते.

एनव्हिडियाच्या जीफोर्स ४०० व ५०० मालिकांतील फर्मी रचनेच्या कार्डांसाठी विंडोजवरील अखेरची आवृत्ती ३९१.३५ (मार्च २०१८) होय. ६०० व ७०० मालिकांतील केप्लर कार्डे ऑक्टोबर २०२१ मधील ४९६.१३ पासून वगळली गेली. त्यांनी ४७० शाखेतील ड्रायव्हर वापरावा. एएमडीने रेडिऑन एचडी ५००० व ६००० यांच्या नियमित सुधारणा २०१५ मध्येच थांबवल्या.

केवळ मालिकेच्या क्रमांकावर मात्र विसंबू नये. जीटी ६१० नावाने सहाशेच्या मालिकेतले, पण रचनेने फर्मी आहे. उलट जीटीएक्स ७५० टीआय हे मॅक्सवेल रचनेचे असल्याने त्याला ५८० शाखेपर्यंतचे ड्रायव्हर चालतात. म्हणून डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचे नेमके नाव पाहावे. कंपनीच्याच संकेतस्थळावर ते नाव, विंडोजची आवृत्ती आणि ३२ की ६४ बिट हे निवडून मिळणारी फाइल घ्यावी. तत्पूर्वी रिस्टोअर पॉइंट करून ठेवावा. पडदा काळा झाल्यास मागे फिरता येते.

एक गोष्ट ध्यानात असावी. सहाय्य संपलेला ड्रायव्हर चालत राहतो, पण त्यातील सुरक्षेच्या त्रुटी पुढे कोणी बुजवत नाही. बँकेचे व्यवहार अशा संगणकावर शक्यतो करू नयेत.