सेल्फ फिरतो, पण गाडी स्टार्ट होत नाही : बिघाड शोधायचा कसा?

चोर्ला किंवा आंबोली घाटात रस्त्याकडेला बंद पडलेली गाडी आणि तिला मागून धक्का देणारे चार जण, हे चित्र आपल्या भागाला नवीन नाही. पण सेल्फ नीट फिरत असेल, तर त्या धक्क्याचा काही उपयोग नसतो. धक्का देऊन आपण इंजिन फिरवतो, आणि ते काम सेल्फ आधीच करतोय. उलट पेट्रोल गाडीत न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो महागडा भाग बिघडू शकतो.

म्हणून आधी तक्रार ओळखा. किल्ली फिरवल्यावर नुसता 'टक' आवाज येतो किंवा काहीच होत नाही, तर 'सेल्फ घेत नाही'. तो दोष बहुधा बॅटरी, टर्मिनल किंवा सेल्फ मोटरचा. सेल्फ रडत-रडत फिरतो, तेव्हाही आधी बॅटरीच बघायची. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते. सेल्फ मारताना ती १० च्या बरीच खाली गेली, तर इंजिन फिरूनही कॉम्प्युटर नीट काम करत नाही. पण इंजिन नेहमीच्या वेगाने फिरतंय आणि तरी पकडत नाही, तर इंधन, ठिणगी किंवा सिलिंडरमधला दाब यांपैकी एक गोष्ट कमी आहे. नवी बॅटरी घालून हा दोष जात नाही. तरीही अशा वेळी बॅटरी बदलून पैसे घालवणारे कमी नाहीत.

तपासणीआधी एक इशारा. गाडी साचलेल्या पाण्यातून नेताना बंद पडली असेल, तर सेल्फ अजिबात मारू नका. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असू शकतं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो आणि खर्च थेट इंजिन खोलण्यावर जातो. पाण्यात सेल्फ मारल्याने झालेलं असं नुकसान साध्या विम्यात बहुधा बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं. अशी गाडी टोचन करून गॅरेजलाच न्यावी.

आता पेट्रोल गाडी. रेडिओ, एसी बंद करा आणि किल्ली फक्त 'ऑन'ला न्या. मागच्या सीटखालून, म्हणजे टाकीतून, दोन सेकंद 'घूं' असा आवाज यायला हवा. तो पंपाचा. बऱ्याच गाड्यांत तो ऐकू येतो. नेहमी येणारा आवाज आज आला नाही, तर पंपाचा फ्यूज आणि रिले बघा. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो. त्याच अँपिअरचा फ्यूज घाला, तार गुंडाळून काम भागवू नका. फ्यूज-रिले ठीक असूनही पंप गप्प असेल, तर कुणीतरी टाकीला खालून हाताने किंवा लाकडाने हलके ठोकत असताना सेल्फ मारून पाहा. अडकलेला पंप कधी कधी एवढ्यावर फिरतो. पण ते फक्त घरी पोचण्यापुरतं. सीएनजीवाल्यांनी पेट्रोलचा काटाही बघावा. अनेक गाड्या स्टार्ट पेट्रोलवरच होतात आणि त्याच टाकीकडे महिनोन् महिने लक्ष नसतं.

पंप बोलतोय, पण तरी गाडी पकडत नाही, तर सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघा. तो किंचितही हलत नसेल, तर संशय क्रँक सेन्सरवर. इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळलं नाही, तर तो ना ठिणगी देतो ना पेट्रोल. घाट चढून चहाला थांबलात, गाडी स्टार्ट झाली नाही आणि अर्ध्या तासाने आपोआप झाली, तर तो सेन्सर तापल्यावर दगा देत असण्याची शक्यता मोठी. सगळ्याच गाड्यांत काटा सेल्फवर हलतो असं नाही. त्यामुळे खात्री स्कॅनरनेच करावी. पी ०३३५ हा कोड क्रँक सेन्सरच्या सर्किटचा.

मीटरमध्ये गाडी-कुलपाचं किंवा किल्लीचं चिन्ह लुकलुकत असेल, तर इमोबिलायझरला किल्ली ओळखता येत नाही. दुसरी किल्ली लावून बघा. बटण स्टार्ट असेल तर रिमोट बटणालाच टेकवून बघा, अनेक गाड्यांत हे चालतं. पेट्रोलचा उग्र वास येत असेल, तर प्लग भिजलेत. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून पाच-सात सेकंद सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत त्या वेळी पेट्रोल बंद होतं आणि प्लग सुकतात. प्लगची वायर काढून ठिणगी बघण्याची जुनी रीत मात्र नव्या गाडीवर नको. शॉक जबर असतो आणि कॉइल किंवा कॉम्प्युटरही उडू शकतो.

सेल्फ नेहमीपेक्षा हलका, सरसर फिरत असेल, तर टायमिंग बेल्ट तुटल्याची शंका घ्या. तिथेच थांबायचं, पुन्हा सेल्फ नाही. आणि बोनेट उघडलंच आहे तर उंदरांनी कुरतडलेली वायर बघून घ्या. गोठ्याशेजारी किंवा भाताच्या पोत्यांजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत ती हमखास सापडते.

डिझेलला प्लगची ठिणगी नसते, त्यामुळे गोष्ट सोपी होते. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरट धूर येतोय, तर डिझेल पोचतंय, पण जळत नाही. थंडीत हीटर प्लग बघा. धूरच नाही, तर डिझेल पोचत नाही. फिल्टर तुंबलेला असतो, त्यात पाणी असतं किंवा लाइनमध्ये हवा असते. टाकी कोरडी करून मग डिझेल भरलेली गाडी याचमुळे अडते. हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा.

एका वेळी सेल्फ दहा सेकंदांच्या वर मारू नका आणि मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर मूळ दोषासोबत बॅटरीही जाते. घाटात रेंज नसते, म्हणून मिळेल तिथून मेकॅनिकला एकाच फोनमध्ये नेमकं सांगा : सेल्फ फिरतो, पंपाचा आवाज येतो की नाही, काटा हलतो की नाही, कुठला दिवा लागलाय. खानापूरचा कन्नड बोलणारा मेकॅनिक असो की साखळीचा कोंकणी, सेल्फ, पंप, प्लग हे शब्द त्याला कळतातच. राष्ट्रीय महामार्गावर, म्हणजे निपाणी-बेळगाव-धारवाड पट्ट्यात, मदतीसाठी १०३३ हा नंबर आहे.