मारियाबाईंनी टाकलेला विश्वास

बचत गटाच्या बैठकीत हिशेब उरकला की आम्ही एखाद्या बाईची गोष्ट सांगतो. आजची बाई आपल्यासारखीच शेतात राबणारी, पण फार लांबची. मेक्सिको देशातल्या वाहाका राज्यात, डोंगरात वाउत्ला नावाचं गाव आहे. तिथल्या मासातेक या आदिवासी समाजात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मारिया सबिना यांचा जन्म झाला.

वडील लवकर गेले. शाळा नाही, अक्षरओळख नाही. लहानपणी रानात जनावरं राखताना भूक लागली, म्हणून बहिणीबरोबर अळंबी खाल्ली, असं मारियाबाई सांगत. ही भाजीची अळंबी नव्हे. ती खाल्ली की माणसाचं भान बदलतं. मासातेक लोक तिला 'पवित्र बाळं' म्हणत. आजाऱ्यासाठी, रात्रीच्या वेळी, जाणत्या माणसासमोरच ती घेत. मारियाबाईंची दोन लग्नं झाली आणि दोन्ही नवरे गेले. कष्ट करून त्यांनी मुलं वाढवली आणि रात्रभर मंत्र गात आजाऱ्यांवर उपचार केले.

1955 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या बँकेचे अधिकारी गॉर्डन वॉसन गावात आले. गावच्या कारभाऱ्याने शब्द टाकला, म्हणून मारियाबाईंनी त्यांना विधीला बसू दिलं. फोटोही काढू दिले, पण ते फक्त विश्वासातल्या माणसांनाच दाखवायचे, या बोलीवर. 1957 साली ते फोटो 'लाइफ' साप्ताहिकात लाखो लोकांपुढे आले. लेखात बाईंचं आणि समाजाचं नाव बदललेलं होतं, तरी पत्ता लपला नाही.

1958 साली स्वित्झर्लंडमधल्या आल्बर्ट हॉफमन यांनी त्या अळंबीतलं द्रव्य वेगळं काढलं. त्याचं नाव सायलोसायबिन. 1962 साली ते गोळ्या घेऊन वाउत्लाला गेले. त्या घेऊन मारियाबाई म्हणाल्या, अळंबीची शक्ती यात आहे.

मग परदेशी तरुणांची रीघ लागली. त्यांना आजार नव्हता, नशेची हौस होती. गावात पोलीस आले. गावकऱ्यांनी दोष मारियाबाईंना दिला आणि त्यांचं घर जाळलं गेलं. परके आल्यापासून पवित्र बाळांची शक्ती गेली, असं त्या म्हणत. 22 नोव्हेंबर 1985 रोजी त्या गरिबीतच वारल्या.

आज अमेरिका आणि इंग्लंडमध्ये डॉक्टरांच्या देखरेखीखाली हे द्रव्य नैराश्यावर तपासलं जात आहे. 2023 पासून ऑस्ट्रेलियात परवानगी मिळालेले मनोविकारतज्ज्ञ ते काही रुग्णांना देऊ शकतात. आपल्याकडे मात्र त्यावर कायद्याने बंदी आहे. आणि रानातली अनोळखी अळंबी जीव घेऊ शकते, म्हणून कुणी प्रयोग करू नका. मन फार खचलं असेल, तर 14416 या सरकारी टेली-मानस क्रमांकावर मोफत बोलता येतं.

ही गोष्ट ऐकून आमच्या गटातली एक आजी म्हणाली, "बाईनं दार उघडलं ते आजाऱ्यासाठी. आत शिरले भलतेच." त्या दिवशी आम्ही एक ठराव केला. आपली गाणी, औषधं, रीतिभाती टिपायला कुणी आलं, तर आधी तीन प्रश्न विचारायचे. हे कुठे छापणार? कुणाच्या नावावर? आणि आम्ही नको म्हटलं, तर थांबणार का? तुमच्या पुढच्या बैठकीत यावर जरूर बोला.