बिंड्याचा भाऊबंद

पोहायला कुणी शिकवलं, असं इंदापूर-बारामतीकडच्या एखाद्या जुन्या माणसाला विचारून पाहा. चुलत्याचं नाव येईल, थोरल्या भावाचं येईल, पण त्यांच्याबरोबर बिंडाही हमखास येईल. पांगाऱ्याच्या वाळलेल्या लाकडाचा हातभर ओंडका, दोरी घसरू नये म्हणून त्याला मधोमध घेतलेली खाच. तो पाठीला आवळायचा आणि काठावरून मागून कुणीतरी विहिरीत ढकलून द्यायचं. नाकातोंडात पाणी जायचं, रडू फुटायचं, पण बुडणं काही व्हायचं नाही. बिंडा नसला तर वाळका भोपळा, भोपळा नसला तर झाकण पक्कं बसवलेला पत्र्याचा डबा. एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला नीरा, मधून १८८५ सालचा नीरा डावा कालवा आणि शेताशेतात विहिरी. तरंगणारं लाकूड कुठलं, हे या मुलखातल्या पोराला शाळेच्या आधी कळायचं.

हे आठवायला निमित्त झालं ते विमानाचं. बारामतीच्या धावपट्टीवरून उडालेली प्रशिक्षणाची छोटी विमानं आमच्याकडे दिवसभर घिरट्या घालत असतात. ऊस भांगलणाऱ्या बायकाही आता मान वर करत नाहीत. त्यातलंच एक, सेसना १५२, मी लाकडात करून शोकेसमध्ये ठेवलं आहे. खऱ्या विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम १० मीटर. माझ्याकडचं त्याच्या बहात्तराव्या हिश्शाचं, म्हणजे १४ सेंटिमीटर. तळहातावर घेतलं तर ओझं असं जाणवतच नाही. आमच्या आळीतल्या सुतारकाकांनी ते उचलून पाहिलं, भुवया वर केल्या, बोटाचं नख हळूच पोटाला लावलं आणि ओरखडा उठल्यावर म्हणाले, “उडायचं न्हाई म्हणता ना? मग सागाचं करायचं की. नातवंडांनी बघितलं असतं.”

मी हसून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र रास्त होता. जे विमान जन्मभर कपाटात उभं राहणार, त्याला बाल्सा, जगातल्या सगळ्यात हलक्या लाकडांपैकी एक लाकूड, कशाला? उत्तर शोधायचं तर बाल्साच्या कुळात शिरावं लागतं, आणि ते कूळ निघतं पाण्यातून.

बाल्सा हा शब्द स्पॅनिश, अर्थ तराफा. १५२६ साली स्पॅनिश सेनानी पिसारोच्या मोहिमेतला बार्तोलोमे रुईस आजच्या इक्वेडोरच्या किनाऱ्याने जात असताना त्याला समुद्रात शिडाचा एक मोठा तराफा दिसला. त्यावर माणसं होती, व्यापाराचा माल होता, सुती शीड होतं. स्थानिक लोक एका विलक्षण हलक्या झाडाचे ओंडके बांधून अशा तराफ्यांवरून दूरवर व्यापार करत. तराफ्याचं स्पॅनिश नाव मग त्या झाडालाच चिकटलं. आपल्याकडे असंच एक साधन होतं, सांगड. दोन होड्या किंवा काही भोपळे एकत्र बांधले की झाली सांगड. स्पॅनिश शब्द पाण्यातून निघून झाडावर जाऊन बसला. आपला शब्द पाण्यातून निघाला तो थेट भाषेत शिरला. आज आपण जमा-खर्चाची सांगड घालतो, हौस आणि नोकरीची घालतो, आणि या शब्दाने कधी नदी ओलांडली होती हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

झाडाचं शास्त्रीय नाव ओक्रोमा पिरामिडाले. नाव परकं, पण सोयरीक ओळखीची, कारण आपल्या काटेसावरीच्याच कुळातलं हे झाड. त्याच्याही बोंडातून कापूस फुटतो. तो इतका लवदार, की जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला सशाच्या पावलाची उपमा देऊन नाव दिलं होतं. वाढ अशी झपाट्याची की सहा-सात वर्षांत झाड तोडीला येतं. लाकडाच्या हिशेबात हे जवळजवळ नगदी पीकच. गंमत म्हणजे शास्त्राच्या वर्गवारीत ते ‘कठीण लाकूड’ ठरतं, कारण ती वर्गवारी झाडाच्या जातीवरून होते, नखावरून नाही.

उभं झाड हलकं नसतं. त्याच्या मोठमोठ्या, पातळ भिंतींच्या पेशी पाण्याने तट्ट भरलेल्या असतात. तोडल्यावर ते लाकूड भट्टीत वाळवतात, पाणी निघून जातं आणि मागे पेशींची रिकामी घरं उरतात. अशा सुक्या बाल्साचं वजन घनमीटरला सरासरी १६० किलो भरतं. पाण्याचं भरतं १,०००. थॉर हायरडाल या नॉर्वेच्या साहसी प्रवाशाने १९४७ साली पेरूहून पॉलिनेशियाकडे जाताना ‘कॉन-टिकी’ तराफ्याला बाल्साचे नऊ ओंडके वापरले, ते मात्र ताजे, ओले. जाणत्यांना भीती होती की ओंडके समुद्राचं पाणी पिऊन बुडतील. आतल्या रसाने ते पाणी बाहेरच थोपवलं आणि तराफा १०१ दिवस तरला.

विसाव्या शतकात शिरतानाही बाल्साची नोकरी पाण्यातलीच होती. पहिल्या महायुद्धात त्याचा उपयोग झाला तो बुडणाऱ्याला तारणाऱ्या जाकिटांत आणि तरंगत्या साधनांत, थोडक्यात बिंड्याच्या कामाला. विमानाची खेळणी तोवर होती, पण ती दुसऱ्या गोष्टींची. १८७८ साली राइट बंधूंच्या वडिलांनी पोरांसाठी जे रबराने फिरणारं उडतं खेळणं आणलं, ते बांबू, कॉर्क आणि कागदाचं होतं. १९२०च्या दशकात अमेरिकी हौशी मंडळींच्या हाती बाल्सा पडलं आणि रबरावर उडणाऱ्या विमानांचं वजन एकदम उतरलं. १९२७ साली वैमानिक लिंडबर्गने एकट्याने अटलांटिक ओलांडल्यावर तर घराघरांत विमानाचं वेड शिरलं. पॉल गिलो या माजी नौदल वैमानिकाने १९२६ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात खेळण्यांचा कारखाना काढला होता. त्याने महायुद्धातल्या विमानांचे संच विकायला आणले: पंख सहा इंच, किंमत दहा सेंट, डब्यात बाल्साचे तुकडे, नकाशा, डिंक, रंगाच्या दोन बाटल्या आणि दांड्यांसाठी बांबूची काडी.

सुतारकाकांच्या प्रश्नाचं उत्तर मला या डब्यात सापडतं. सागाला करवत हवी, रंधा हवा, पटाशी हवी, ती धरणारा हात हवा आणि भुसा पडला तरी चालेल अशी जागा हवी. बाल्साला दाढीचं ब्लेड, काचपेपर आणि जेवणाचं टेबल पुरतं. उडवण्यासाठी म्हणून आलेलं हे लाकूड दहा-बारा वर्षांच्या पोराच्या हाताला झेपलं, म्हणून न उडणाऱ्या विमानातही ते टिकून राहिलं. हलकेपणा हा त्याचा वारसा. कपाटात कामाला येतो तो मऊपणा.

बहात्तरावा हिस्सा हे मापही त्याच काळातलं. फूट-इंचांच्या हिशेबात ते सोपं पडतं, सहा फुटांना एक इंच. वैमानिक उभा केला तर अंगठ्याच्या पेराएवढा. १९३०च्या दशकात इंग्लंडात ‘स्कायबर्ड्‌स’ नावाचे लाकडी संच या मापात आले आणि हौशींमध्ये ते रुळलं. मग दुसरं महायुद्ध आलं. १९४२च्या सुरुवातीला अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडे पाच लाख लाकडी विमानं मागितली, सगळी याच मापाची आणि काळ्या रंगाची. काळी, कारण आकाशातलं विमान आधी आकृतीनेच ओळखू येतं. असं विमान ३५ फुटांवर टांगलं की खरं विमान २,५२० फुटांवर, म्हणजे पाऊण किलोमीटरवर जेवढं दिसेल तेवढं दिसतं. आपलं कुठलं आणि शत्रूचं कुठलं, हे सैनिकांना त्यावरून शिकवायचं. न उडणाऱ्या विमानावर याहून मोठी जबाबदारी पुन्हा पडली नसेल. आणि नेमकं तेव्हाच पोरांना बाल्सा मिळेना, कारण ते लढाईच्या कामाला जुंपलेलं. त्यांनी पाइनसारखी लाकडं तासली.

लढाईतलं एक काम म्हणजे डी हॅविलंड कंपनीचं ‘मॉस्किटो’ विमान. २५ नोव्हेंबर १९४० रोजी ते पहिल्यांदा उडालं. त्याचं धड बर्च प्लायवुडच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा भरून केलेलं होतं, आणि सुरुवातीला ते जोडायला वापरलेला डिंक केसीनचा, म्हणजे दुधाचा. दुधाच्या तालुक्यात राहून ही माहिती मला इतक्या उशिरा कळावी, याचं जरा वाईट वाटलं.

आपल्याकडे हा छंद मुख्यतः गणवेशातून आला. एनसीसीचा हवाई विभाग १ एप्रिल १९५० रोजी सुरू झाला आणि छात्रांच्या शिक्षणात एरोमॉडेलिंग आलं. कोलकात्याच्या ‘इंडियाज हॉबी सेंटर’चे संच आणि त्यांची ‘ऑरोरा’ इंजिनं यांची नावं जुन्या छात्रांना अजून पाठ असतात. स्पर्धांत उडणाऱ्या विमानांभोवती गर्दी जमते. बाजूच्या टेबलावर मांडलेल्या ‘स्टॅटिक मॉडेल’कडे वळतात ते बहुधा परीक्षक आणि करणाऱ्याची आई.

या टेबलावरच्या विमानाला हलकेपणाची सूट असते, नजरेची नसते. माझी सेसना करताना निम्मा वेळ फळी निवडण्यातच गेला. बाल्साच्या पट्ट्या तीन फूट लांब येतात आणि दिसायला सगळ्या सारख्याच. उजेडात तिरक्या धरल्या की काहींवर मासळीच्या खवल्यांसारखी झाक दिसते. ती फळी ताठ असते, वाकवली तर मोडते, पंखाला ती. जिच्यावर नुसत्या लांब रेघा असतात ती गोलाईला वळते. ब्लेड नवं हवं, आणि एका घावात कापायचा मोह टाळायचा. तीन-चार वेळा हलकं फिरवलं की कड स्वच्छ येते. बोथट ब्लेड लाकूड कापत नाही, चेपतं. धडासाठी ठोकळा घ्यायचा, त्याच्या एका अंगावर बाजूची आकृती आणि वर माथ्यावरची आकृती काढायची, दोन्हीकडून कापायचं आणि मग काचपेपरने कोपरे मारत बसायचं. हे ‘बसायचं’ दोन संध्याकाळी चालतं.

त्यानंतर सच्छिद्रपणाशी भांडण. नुसता रंग दिला तर लाकूड तो पिऊन टाकतं आणि अंगावर तंतू उभे राहतात. जुने लोक लाखेसारख्या पारदर्शक डोपमध्ये टाल्कम पावडर कालवून लेप करत. घरभर थिनर आणि पावडरचा असा मिश्र वास सुटतो की दाढीचं दुकान आणि गॅरेज शेजारी शेजारी आल्यासारखं वाटावं. पहिल्या पंखाला मी हा लेप वरच्या बाजूने दिला आणि जेवायला गेलो. परत येऊन पाहतो तर पंख भाजलेल्या पापडासारखा वळलेला. डोप सुकताना आकसतो, म्हणून दोन्ही बाजूंना एकदमच द्यायचा असतो. हे पुस्तकात होतं. मी पुस्तकाचं ते पान जेवण झाल्यावर वाचलं.

प्लॅस्टिकचे संच १९३६ पासूनच बाजारात होते. महायुद्धानंतर त्यांनी बाल्साला कपाटातून जवळपास हुसकलं. शाळा-कॉलेजांतली मुलं आता उडवण्यासाठी फोमशीट कापतात. बाल्सा मात्र बेकार झालेलं नाही. पवनचक्क्यांच्या पात्यांच्या पोटात ते भरतात, आणि काही वर्षांपूर्वी ती मागणी एवढी वाढली की इक्वेडोरच्या जंगलात चोरटी तोड सुरू झाली.

गेल्या महिन्यात सुतारकाका एक ओंडका घेऊन आले. माळ्यावर सापडला म्हणाले, पांगाऱ्याचा बिंडा, त्यांच्या लहानपणचा. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांनाही पांगारा वापरत आले आहेत, हे मी त्यांना सांगितलं. “मग बघा लावून तुमचं ब्लेड,” ते म्हणाले. लावलं. रेषेच्या दिशेने ब्लेड मुकाट्याने गेलं. आडवं घातलं तिथे भुगा झाला. बाल्सापेक्षा जड आहे, तंतू भरड आहेत, काचपेपर लवकर भरतो. पण धड निघतंय. दोरीची जुनी खाच नेमकी माथ्यावर आली आहे, आणि सेसनाचा पंख माथ्यावरच बसतो, म्हणून ती मी बुजवली नाही.